वेलीपासून लांब

१९५१ च्या पावसाळ्यात गिरीजच्या एका पानमळ्याचे धाकटे धनी घर सोडून पाचूबंदरला राहायला गेले. घरात भांडण नव्हतं, आजार नव्हता. ते स्वतःच्या हातांना भिऊन गेले.

त्यांचे हात तुम्ही पाहायला हवे होते. लहानपणापासून पानवेलीची पानं खुडलेली. अंगठ्याचं नख राखलेलं, कडेनं काळं पडलेलं. बोलता बोलता ते हाताशी येईल ते पान खुडत. एका लग्नात त्यांनी मांडवाच्या तोरणाची एक बाजू अशीच बोडकी केली होती. मी त्यांचा शेजारी, मुंबईच्या एका दैनिकाला बातम्या पाठवीत असे. माझ्या दारातली तुळस त्यांच्यामुळे कधी वाढली नाही. जरा बसा म्हटलं की म्हणत, "बसून काय होतंय?"

वाडी वडिलांची, कारभार थोरल्या भावाचा. धाकट्यांनी स्वतःच्या मनानं लावलेली एकच गोष्ट होती: नाशिकहून आणलेली द्राक्षाची वेल, कोपऱ्यातल्या पांगाऱ्यावर चढवलेली. दोन हिवाळे तिला घड धरला नाही. थोरले म्हणाले, "धाकट्या, येत्या होळीपर्यंत बघतो. नाहीतर उपटून तिथं पान लावतो."

त्याच उन्हाळ्यात धाकट्यांचे नाशिकचे व्याही आले. वेल बघून म्हणाले, "अहो, हिची पानं कुठं गेली?"

"खुडली. वेल आहे ना?"

"ही पानवेल नव्हे, व्याहीबुवा. पावसाळाभर ही पानांनी कमावते आणि खोडात, मुळांत साठवते. दसऱ्याला छाटली की अंगावर एक पान राहत नाही. मग नवा फुटवा, त्यातला घड, सगळं त्या शिदोरीवर निघतं. तुम्ही शिदोरीच काढून घेताय."

त्यांना पटलं, हातांना पटेना. अंगठ्याला फडकं बांधून पाहिलं. बायकोनं कोपऱ्याकडे जायची बंदी केली. ज्येष्ठात एका सकाळी ते माझ्या ओट्यावर आले आणि मूठ उघडली. आत द्राक्षाची कोवळी पानं. "कधी खुडली, देवाशपथ ठाऊक नाही." दुपारी ते बंदराच्या वाटेला लागले.

तिथं ओळखीच्या एका कोळ्याकडे राहिले. होड्या वर ओढलेल्या, घरोघर जाळी दुरुस्त करणं चाललेलं. त्यांनाही जाळ्यावर बसवलं. ते गाठ अशी ओढत की दोरा तुटे. घरातली म्हातारी ओरडे, "अरं, ती गाठ हाय, पान नाय! जरा दमानं!"

मी गेलो की ते जाळं टाकून उठत.

"पानं आहेत ना? पिवळी किती?"

"मोजली नाहीत."

"मग बातमीदार कसले तुम्ही?"

दाराशी जात, परत येत, पुन्हा दाराशी जात.

दसऱ्याला येऊन त्यांनी वेल छाटली. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकलं. फुटवे आले, या खेपेला जाड. त्यांवर बारीक हिरवे घड दिसले, त्याच संध्याकाळी ते परत बंदराला गेले. घड पोसायलाही पानं लागतात, हे व्याह्यांनी सांगून ठेवलं होतं.

होळीच्या आठवड्यात थोरले केळीच्या पानात एक घड बांधून पाचूबंदरला गेले. मी बरोबर होतो. धाकटे होडीवर गेले होते. पानमळ्यातला माणूस समुद्रावर गेलेला थोरल्यांना पटेना.

"तू कोन?" म्हातारीनं विचारलं.

"त्याचा थोरला."

संध्याकाळपर्यंत होडी आली नाही. थोरल्यांनी घड तिच्या हातात दिला. "त्याला सांगा, वेल ठेवलीय. पण चैत्रात दुसरी छाटणी झाली की पुन्हा पानं येतील. तेव्हा म्हणावं, इकडेच राहा."

होडी दुसऱ्या दिवशी आली. द्राक्षं आंबट होती, असं म्हातारीनं मला नंतर सांगितलं. धाकट्यांनी ती किनाऱ्यावर उभ्यानंच खाल्ली, बियांसकट.