गेन्जिरोचा वाडगा

शिमिझू बंदरात ज्यांचे नवरे बोटीवर असत, त्या बायका रोज संध्याकाळी नवऱ्याच्या जागेवर त्याचं पान मांडत. माणूस परमुलखात उपाशी राहू नये म्हणून. वाडग्यावर झाकण ठेवायचं आणि थोड्या वेळाने उचलून बघायचं. आतून वाफेचे थेंब जमले असले की समजायचं, माणूस खुशाल आहे. मग त्याच्या वाटणीचं आपणच जेवून टाकायचं. तोमे हे लग्न झाल्यापासून करत आली होती. घरात मूल नाही, सासू नाही. या एका पानाखेरीज तिला वाढायला दुसरं कुणी नव्हतंच.

तिचा नवरा गेन्जिरो मालवाहू बोटीच्या इंजिनावर कामाला होता. बोट दक्षिणेच्या बेटांवरून लाल माती आणायची. ती माती बंदरावरच्या कारखान्यात उतरायची, आणि तिथल्या हौदांवर तोमे कामाला होती. नवरा आणणार आणि बायको धुणार, असा तो संसार. मातीतून पांढरी पूड निघे, पुडीचं नदीकाठच्या भट्टीत अॅल्युमिनियम होई आणि अॅल्युमिनियमची विमानं. विमानांशी तोमेला काही देणंघेणं नव्हतं. पण पायजम्यावरचे लाल डाग ती कधी घासून काढत नसे. त्याच्या हातून आलेली माती आहे, म्हणायची.

मग लढाईत बोटी कमी झाल्या. आधी आठवड्याने येणारी महिन्याने येऊ लागली, मग तीही येईना. का येईना, हे बोलायची सोय नव्हती. बोट बुडाली असं तोंडातून काढणाऱ्याला शिपाई घेऊन जात. कारखान्याच्या भिंतींवर मात्र घोषणा मोठ्या होत गेल्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे पाणी शेंदणाऱ्या पोरीलाही कळतं. साहेब लोकांना तेवढं कळत नव्हतं. त्यांनी चीनकडची राखाडी माती मागवली, तीही जेमतेम आली. हौद हौद धुतली तरी मूठभर पूड निघेना. तोमेच्या पायजम्यावरचे डाग राखाडी झाले, आणि ते मात्र ती रोज घासून काढू लागली.

घरी लोणारी कोळसाही मिळेनासा झाला. थंड वाडग्यावर थेंब कसे जमणार? म्हणून काम सुटल्यावर ती वाडगा फडक्यात बांधून कारखान्याच्या बॉयलरघरात जाऊ लागली. तिथे कुमागाय नावाचा म्हातारा आगवाला होता. बायको केव्हाच गेलेली, मुलगी लग्न होऊन दूर उत्तरेला. तोंडाचा फटकळ, पण मनाने बरा.

"काका, आहात का?"

"नसायला काय, जनरलसाहेबांकडे जेवायला बोलावलंय मला! आण इकडे तुझ्या नवऱ्याला."

वाफेच्या नळावर वाडगा ठेवायचा, खोक्यावर गेन्जिरोचं पान मांडायचं. झाकण उचललं की कुमागाय वाकून बघे. "बघ, कसा घाम फुटलाय त्याला! धडधाकट आहे लेकाचा." तोमे हसायची, आणि घरी अंधाऱ्या खोलीत शिरेपर्यंत ते हसू टिकायचं.

शिध्याच्या रांगेत टोमणे चुकत नसत. आळीच्या प्रमुखीणबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तोमेसान, आमचं एकाचं पोट भरत नाही, आणि तुम्ही बरं दोघांचं रांधता!"

"शिधा एकटीचाच आहे, बाई. दोघांत वाटते, इतकंच."

"मग वाढताय कुणाला? समुद्राला?"

रांग हसली. तोमेने रताळी फडक्यात घेतली आणि मान खाली घालून घरी आली. त्या रात्री तिला एकटेपणाची खरोखर भीती वाटली. आपण वेड्यात जमा झालो की काय, हे विचारायलाही घरात कुणी नव्हतं.

वसंतात बॉयलर बंद झाले. उत्तरेकडून कोळसा आणणाऱ्या बोटीही अडल्या. बंदराच्या तोंडाशी शत्रूच्या विमानांनी पाणसुरुंग टाकून ठेवले होते. माती नाही, कोळसा नाही, तरी हजेरीचा भोंगा वाजायचा. तोही तोंडाने, कारण वाफ नव्हती. एक कारकून कर्णा घेऊन ओरडायचा. माणसं यायची, रिकाम्या हौदांभोवती झाडायची, आवारात रताळी लावायची आणि घरी जायची. तरी संध्याकाळी कुमागाय खोक्यांच्या फळ्या, मोडक्या खडावा, काय मिळेल ते जाळून तेवढा एक वाडगा गरम करायचा. थेंब रोज जमायचे. त्या थेंबांच्या जोरावर तोमे दुसऱ्या दिवशी उठायची.

जुलैत बॉम्ब पडले. गाव जळालं, तोमेचं घर जळालं. ती नदीच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहिली आणि वाडगा छातीशी धरून वाचली. कारखान्यावरही पडले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच! ज्या बॉयलरांत कित्येक दिवस काडी पेटली नव्हती, त्यांच्यावर लोक समुद्र ओलांडून बॉम्ब टाकायला आले. कारखान्याचा जीव समुद्रावरच गेला होता. विमानांनी जाळलं ते नुसतं मढं.

दुसऱ्या संध्याकाळी तोमे तिथे गेली. मदत केंद्रावर मिळालेली पेज तिच्या वाडग्यात होती. बॉयलरघराचं छप्पर उडालेलं, कुमागाय विटांवर बसलेला. भुवया होरपळल्या होत्या, बाकी शाबूत होता. सगळीकडे वासे धुमसत होते. आज विस्तवाला तोटा नव्हता. तिने वाडगा निखाऱ्यांवर ठेवला, थोड्या वेळाने झाकण उचललं. थेंब एकमेकांत मिसळून ओघळत होते.

"काका, बघा तरी! आज नुसता निथळतोय."

कुमागाय वाकला नाही. "तोमेसान, ते खाली ठेव."

"का?"

"थेंब पेजेचे आहेत. गेन्जिरोचे नाहीत." तो विटांकडे बघत बोलत होता. "गेल्या नोव्हेंबरात एक खलाशी इथे शेकायला बसला होता. त्यांची बोट मागे, गेन्जिरोची पुढे. पाणबुडीने मारली. दोन तुकडे झाले. त्या खलाशाने डोळ्यांनी पाहिलं. कुणी वर आलं नाही."

तोमेच्या हातात झाकण तसंच राहिलं. "नोव्हेंबरात? आणि तुम्ही रोज फळ्या जाळत होतात?"

"बोललो असतो तर शिपायांनी नेलं असतं."

"मी कुणाला सांगणार होते, काका?"

म्हाताऱ्याने एका फळीने निखारे सारखे केले. "मग तू यायची बंद झाली असतीस. आग विझली, काम गेलं. दारातून 'काका, आहात का' म्हणणारं मला दुसरं कोण होतं?"

तिला त्याचा राग यायला हवा होता. पण एकटं माणूस काय काय करतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला दुसरंच काही सुचलं.

"म्हणजे तो नोव्हेंबरपासून उपाशी आहे."

"अगं, काय बोलतेस?"

"जिवंताचं पान वाढत राहिले मी! मेलेल्याचं पान वेगळं असतं, काका. त्याला झाकण नसतं, भातात जेवणाच्या दोन काड्या उभ्या रोवायच्या असतात. नाहीतर त्याला कळत कसं, की हे आपलं आहे? रोज गरम अन्न वाढलं, आणि त्यातला एक घास त्याला पोचला नाही. सारं मीच जेवले."

कुमागायने फडक्याने धरून वाडगा निखाऱ्यांवरून काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने झाकण दूर सारलं. वाडगा समुद्राच्या दिशेला नीट ठेवला आणि जेवणाच्या दोन काड्या त्यात उभ्या केल्या. त्या कलंडल्या. पुन्हा केल्या, पुन्हा कलंडल्या. मेलेल्याला वाढायची ती भाताची रास, आणि इथे तर पातळ पेजेतून वाडग्याचा तळ दिसत होता. तांदूळ बाहेरच्या मुलखातून यायचा, तो बोटींबरोबर गेला होता.

तोमेने त्या दोन काड्या हातानेच उभ्या धरल्या, आणि पेज थंड होईपर्यंत धरून बसली.