झोळीपाशी उभी राहणारी अक्का
उकडलेल्या साळीचा वास आला की अजून माझा हात आधी झोळीकडे जातो. मेलकावेरी गावी मालकाच्या आवारात आम्ही बायका साळ उकडायचो, तांदूळ आगगाडीने मद्रासेला जायचा, आणि पोर कामावर आणायचं नाही असा हुकूम, तरी मी चोरून माझं तान्हं पोत्यांमागे झोळीत टांगायची, घरी ठेवणार कुणापाशी? आमची मुकादमीण अक्का, मूलबाळ नसलेली, सारखी झोळीपाशी येऊन उभी राहायची, बोलायची नाही, नुसती बघायची, म्हणून मी पोराच्या गालावरचा काजळाचा ठिपका रोज मोठा करत गेले. एकदा अंगणात साळ पसरून आत आले तर झोळी रिकामी! धावले तर चुलीपाशी अक्का, तिच्या कडेवर माझं पोर, आणि समोर मालक. "कुणाचं हे?" "माझं," अक्का म्हणाली. "तुझं? या वयात?" "हो, या वयात. काढायचं तर मला काढा, मग साळ जास्त शिजायच्या आत कढईखालचा जाळ कधी ओढायचा ते तुम्हीच बघा." मालक पुटपुटत गेला. अक्काने पोर माझ्याकडे दिलं, म्हणाली, "झोळी दुसरीकडे बांध गं, पोत्यांमागे वाफ येते, रोज बघते मी." तरी घरी जाऊन मी मीठमिरच्या ओवाळून टाकल्याच. आता अक्काच्या जागी मी आहे. काल नव्या पोरीच्या झोळीपाशी उभी राहिले, आणि अक्कासारखी गप्प न बसता आधीच सांगितलं, "वाफ येते का बघते गं." ती हसली, हो म्हणाली, आणि मी वळल्यावर तिने काजळाची डबी काढली.