कवळीवाल्या काकांचं एक अक्षर

चीनचा इतिहास शिकून पुढे काय करणार, हे मला इतक्यांनी विचारलंय की उत्तर तोंडपाठ झालंय. मामा तर म्हणाला होता, "म्हणजे काय, मोठेपणी भिंत बांधणार का?" आज मी संग्रहालयात जुन्या कागदपत्रांचा विभाग सांभाळते. कॉलेजांतून मला 'या विषयातल्या संधी' यावर बोलायला बोलावतात आणि मी बोलते झकास. भाषांतर, संग्रहालयं, परराष्ट्र खातं, व्यापारी कंपन्या, सगळं सांगते. कवळीवाल्या काकांचं तेवढं सांगत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. काचेच्या कपाटात गुलाबी हिरड्यांच्या कवळ्या ओळीने हसत बसलेल्या. दात बसवायची विद्या घेऊन त्यांचे आजोबा चीनमधून आले होते. काका मात्र इथेच जन्मले, आमच्यासारखंच बोलायचे, रागावले तर आमच्याच शिव्या द्यायचे. चिनी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. भिडस्त इतके, की कवळी टोचते म्हणून कुणी आलं तर आधी माफी मागायचे आणि मग तक्रार ऐकायचे.

मी चीनच्या इतिहासात पीएच.डी. करतेय हे कळल्यावर ते एक दिवस घरी आले. हातात फडक्यात गुंडाळलेलं, हाताने लिहिलेलं वंशावळीचं पुस्तक. त्यात त्यांच्या घराण्याची एक कविता होती. दर पिढीला तिच्यातलं पुढचं एक अक्षर मिळायचं आणि त्या पिढीतल्या प्रत्येकाच्या नावात ते असायचं. मुलाच्या पिढीपर्यंतची अक्षरं काकांना वडिलांनी तोंडी सांगून ठेवली होती. पुढची राहून गेली. आणि सुनेला सातवा महिना लागला होता.

"नातवंडाचं अक्षर काय, तेवढं बघून सांग, पोरी," ते म्हणाले. "फार त्रास नाही देणार तुला. तेवढं कळलं की पुस्तक घेऊन जातो."

अक्षर मला त्याच संध्याकाळी सापडलं. अर्थ होता 'नदी'. इतकं सोपं की पहिल्या वर्षाला शिकवतात. पण पुढची पानं उलटली आणि मी चाटच पडले. कोण कुठल्या गावातून निघालं, कुठल्या बोटीने, कुणाची बायको मागे राहिली, सगळं तारीखवार. माझ्या प्रबंधाला असं घबाड पुन्हा मिळणार नव्हतं. पुस्तक राहू द्या म्हणावं, तर नाही म्हणाले असते तर? मी गप्प बसले.

"जुनं अक्षर आहे हो काका, लागत नाही लवकर," मी म्हणायचे. ते मान डोलवायचे. नातू झाला. त्याला सगळे नुसतं 'बाळ' म्हणू लागले, जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी. सून कुरकुरायची, तर काका तिलाच समजवायचे, "अगं, ती पोरगी आपल्यासाठी जिवाचं रान करतेय." त्याच सुमारास माझ्या आईचे दात गेले. काकांनी तिला कवळी करून दिली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. जेवताना आई त्या नव्या दातांनी खळखळून हसायची आणि मी ताटातून मान वर काढायचे नाही. तरीही मी बोलले नाही.

अशी तीन वर्षं गेली. बाळाला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा सुनेने स्वतःच नाव ठरवून दाखल्यावर चढवलं. तिचं काय चुकलं? त्याच महिन्यात मला पदवी मिळाली आणि प्रबंधाच्या जोरावर संग्रहालयातली नोकरीही. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर मी काकांचे आभार मानले होते. निर्लज्जपणाही मी पुठ्ठ्यात बांधून घेतला.

मग पुस्तक घेऊन दुकानात गेले. काका मशीनवर कवळी घासत होते, नातू स्टुलावर बसून दप्तराचा पट्टा चघळत होता.

"सापडलं, काका."

त्यांनी कवळीच्या मेणाची गुलाबी पट्टी पुढे सरकवली. "यावर काढ."

मी अक्षर कोरलं. त्यांनी पट्टी उजेडात धरली. मग नातवाला म्हणाले, "हे बघ, हे तुझं होतं." आणि माझ्याकडे वळून, "तीन वर्षं खपलीस गं. किती कष्ट दिले तुला."

ते मात्र मला सोसवेना. "काका, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगितलं तर पुस्तक न्याल, म्हणून बोलले नाही."

त्यांनी मशीन बंद केलं.

"अगं, ते तुला ओझं नको म्हणून म्हटलं होतं मी. नेऊन काय करणार होतो? मला कुठे वाचता येतं?" त्यांनी हातातली कवळी बाजूला ठेवली. "उलट रोज येऊन बसलो असतो. पुढचं वाच म्हणालो असतो."

त्यांनी मेणाची पट्टी कागदात गुंडाळून खणात ठेवली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "आईची कवळी सैल झाली असेल आता. तिला घेऊन ये, बघतो."

आईला मी एकटीलाच पाठवलं.