पाच टनांची पाटी

अकोल्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी विजेच्या नोंदी ठेवायचो. मीटर वाचायचा, युनिटं मांडायची आणि महिन्याचं पत्रक नागपूरला प्रांताच्या कचेरीत पाठवायचं. आकड्यांत आपली चूक होत नाही, असा माझा समज होता.

त्या वैशाखात शेठजींनी नवं विलायती मशीन बसवलं. पितळी पाटीवर लिहिलं होतं, पाच टन. बर्फ मात्र रोज सव्वातीन टनच निघे. शेठजींनी मिस्त्रीला बोलावलं.

"पावणेदोन टन बर्फ गेला कुठं रे? सरबतवाल्याइले विकून राह्यला का तू?"

"माह्या घरी तं माठाचंच पाणी हाय, मालक. या पाहाले."

"बाबू, तुमी हिशेब करा," शेठजी मला म्हणाले. "याले ठेवाचं का काढाचं, ते शनिवारी ठरवू."

मिस्त्री पन्नाशीचा, मूळ अमरावतीचा. चोरीचा डाग घेऊन गेला असता तर तिथल्या कारखान्यानंही त्याला उभं केलं नसतं.

मी कोष्टक उघडलं. एक टन थंडावा, दिवसात टनभर बर्फ करण्याइतका, म्हणजे साडेतीन किलोवॅट. पाच टनांचे साडेसतरा. मीटरवर मोटर खात होती फक्त सात. मी लिहून दिलं : मशीन निम्म्याहून कमी चालतं.

शेठजींनी कागद वाचला. "पाहा! चोर तं चोर, वरून मशीन बंद करून झोपते!"

मिस्त्री माझ्या टेबलाशी आला. चिडलेला नव्हता, तेच मला जड गेलं.

"बाबू, हातगाडीवर एक हमाल सरकीच्या पाच बोऱ्या नेते. थ्या पाचही डोक्शावर उचलू शकते का?"

"नाही."

"तसंच हाय. मशीन थंडी बनवत नाई. पाण्यातली गरमी उचलते अन् बाहीर नेऊन टाकते. तुमचे साडेसतरा म्हंजे गाडीवरचं वझं. सात म्हंजे हमालाचा जोर."

"मग बर्फ कमी कावून?"

"टाकीत हात घालून पाहा."

मशीनला पाणी पुरवणारी टाकी गच्चीवर उन्हात होती. हातावर विश्वास नको म्हणून घरी तापाचा थर्मामीटर आणायला गेलो. "कोणाले ताप आला?" बायकोनं विचारलं. "पाण्याले," मी म्हणालो.

पारा सत्त्याण्णव फॅरनहाइटवर थांबला. मग सगळं सरळ होतं. पाटीवरचा टन बत्तीस अंशांच्या, म्हणजे गोठायच्या बेतात आलेल्या पाण्याचा. त्याचा बर्फ करायला दर पौंडामागे उष्णतेची एकशे चव्वेचाळीस मापं काढावी लागतात. आमचं पाणी बत्तीसवर आणायलाच आधी, अंशामागे एक, अशी पासष्ट मापं जात. एकूण दोनशे नऊ. त्या हिशेबानं पाच टनांच्या मशीनमधून बर्फ निघणार जवळजवळ साडेतीन टन. उरलेला थोडा फरक भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेचा, असं मी धरलं, मोजलं नाही.

"शेठजी, माझा आधीचा कागद फाडा. थंडावा आणि वीज मी एकच धरली."

"म्हंजे चूक तुमची?"

"माझी. मशीन चालू होतं. बर्फही कुठं गेला नाही."

शेठजींनी कागद फाडला. मिस्त्रीला काढलं नाही. शनिवारी मिस्त्रीनं टाकीवर सावलीसाठी पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा, मांडव घातला आणि बर्फ थोडा वाढला.

रविवारी त्यानं माझ्या घरी बारदानात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा पाठवला. सोबत माल बाहेर न्यायची चिठ्ठी होती. वजन अडीच शेर, आणि खाली शेठजींची सही.