खडूच्या पेटीवरचं छप्पर

माझ्या नवऱ्याचं बालपण गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर गेलं. वर अजून दोन मजले होते. त्यामुळे छप्पर म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची जमीन, एवढीच ह्यांची समजूत. मी अलिबागकडची, समुद्राकाठची. आमच्याकडे वारा आला की मोठी माणसं आधी आढ्याकडे बघत. पण आढ्याकडे बघणं वेगळं आणि ते कशाने टिकतं हे समजणं वेगळं. ते मला सिल्वासात समजलं, तेही भर बाजारात, लोहाराच्या दुकानासमोर.

साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. हे कचेरीत कारकून म्हणून इथे आले, मी शाळेत शास्त्र शिकवायला लागले. सिल्वासातल्याच आमलीत आम्ही एक लहानसं घर विकत घेतलं. दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर नळीची कौलं. दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात, दुपारी चारच्या सुमाराला, आम्ही चहा घेत बसलो असताना पश्चिमेकडून वारा उठला. आधी नुसती धूळ. मग डोक्यावर ताटांची चळत कोसळावी तसा आवाज झाला. मी कपासकट टेबलाखाली शिरले. हे मात्र खुर्चीतच मान वर करून बसले होते.

"अगं," हे म्हणाले, "आभाळ दिसतंय!"

अर्धं छप्पर गेलं होतं. तो सगळा पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. दिवाळी झाल्यावर जवळच्या अथाल गावाहून एका मिस्त्रींना बोलावलं. साठीचे गृहस्थ, सुतारकामात हात धरणारा कोणी नाही, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. ते शिडीवर चढले, प्रत्येक वासा बोटाने वाजवून बघितला आणि खाली आले.

"बेन, हे सगळं काढून नाखायचं," ते म्हणाले. "सागाचे नवे वासे. वर मंगळुरी कौलं, एकेक कौल तारेने बांधलेलं. वाशापासून भिंतीपर्यंत लोखंडी पट्ट्या. मग वंटोळ येऊ दे, नाहीतर वंटोळाचा बाप येऊ दे."

त्यांनी खर्च सांगितला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. जवळजवळ तेवढेच पैसे आमच्याकडे साठले होते. ते होते माझ्या बी.टी.साठी. जूनमध्ये वर्षभर मुंबईला जाऊन मी शिक्षिकेची पदवी घ्यायची, असं आमचं ठरलं होतं.

मिस्त्री गेल्यावर हे म्हणाले, "छप्पर आधी. डोक्यावर कौल नसेल तर पदवी टांगणार कुठे?"

"आणि असं वादळ पुढची दहा वर्षं आलंच नाही तर?"

"आणि पुढच्याच वर्षी आलं तर?"

आठ दिवस आमचं हेच चाललं. जेवताना, कपडे वाळत घालताना, शाळेच्या वाटेवर. शेवटी एका सकाळी मी वैतागून म्हणाले, "वादळ येणार की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. पण आलं तर छप्पर नेमकं कशाने उडतं, हे तरी कळायला हवं ना! त्यावरून तर ठरणार, एवढा खर्च करायचा की थोडक्यात भागेल."

बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. शास्त्राची बाई मी. वर्गात रोज सांगायची, करून बघा, मग माना. आणि घरी आठ दिवस नुसती भांडत होते!

त्या दिवशी सातवीच्या मुलींना मी सगळी हकिगत सांगितली. म्हटलं, आपण छोटी घरं करू, त्यांच्यावर छपरं घालू आणि वारा सोडू. वर्गात जो गलका उठला त्याने शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहिले. शाळेत खडूच्या रिकाम्या लाकडी पेट्या पडल्या होत्या, त्यांतल्या तीन घेतल्या. मुलींनी तळ्याकाठची चिकणमाती आणली. तिच्या पातळ पोळ्या लाटल्या, पट्ट्या कापल्या, त्या पेन्सिलीवर गुंडाळून अर्धगोल नळ्या केल्या आणि व्हरांड्यात वाळत ठेवल्या. चौथ्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. वासे म्हणून खराट्याच्या काड्या.

पहिली पेटी म्हणजे आमचं होतं तसं घर. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये चारी बाजूंनी फट, कौलं नुसती एकावर एक ठेवलेली. दुसरी पेटी मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे. तिच्यावर चपटी कौलं, प्रत्येकाला भोक पाडून दोऱ्याने बांधलेलं. तिसरी माझ्या डोक्यातली. कौलं जुनीच, पण आढं आणि कडेच्या ओळी चुन्यात पक्क्या बसवलेल्या, आणि भिंतीवरची फट बुजवलेली. धुरासाठी फक्त पूर्वेला एक भोक.

आता वारा हवा. आमलीच्या बाजारात एका लोहाराकडे हाताने फिरवायचा मोठा पंखा होता. मी विचारायला गेले तर तो आधी हसला, मग म्हणाला, "रविवारी या बाई, भट्टी बंद असते. पण मलापण बघू द्यायचं."

रविवारी आम्ही पेट्या घेऊन पोचलो तेव्हा तिथे अर्धा बाजार जमला होता. मुली, त्यांच्या आया, कचेरीतले दोघेतिघे, आणि सगळ्यात पुढे, बाकावर पाय घेऊन बसलेले मिस्त्री. त्यांना कोणी सांगितलं कुणास ठाऊक. ह्यांनी तेलाचा एक डबा कापून पंख्याच्या तोंडाला लावला, म्हणजे वारा रुंद पसरावा.

पहिली पेटी ठेवली. लोहाराने दांडा फिरवायला सुरुवात केली. थोडा वेळ काहीच नाही. मग वेग वाढला आणि टक्, टक्, टक्, आढ्याजवळची कौलं उडाली. पण कुठली? वारा समोरून येत होता आणि उडाली होती मागच्या उतारावरची!

"थांबा, थांबा!" मी ओरडले. "परत!"

कौलं परत रचली, परत वारा सोडला. परत मागचीच. समोरच्या उतारावर वारा कौलं दाबून धरत होता आणि आढं ओलांडल्यावर मागची उचलून घेत होता. आणि वेग आणखी वाढला तेव्हा तर सगळं छप्परच खालून फुगल्यासारखं झालं आणि अख्खं उठून लोहाराच्या ऐरणीवर जाऊन पडलं. फटीतून वारा आत शिरला होता आणि त्याने आतून ढकललं होतं. मुलींनी टाळ्या पिटल्या. मी नाचायची तेवढी राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की वादळ छपरावर येऊन आदळतं. ते तर छप्पर उचलून नेत होतं!

मिस्त्रींची पेटी ठेवली. लोहार घामाघूम होईपर्यंत दांडा फिरवत होता. एक कौल हललं नाही. मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. मग माझी पेटी. वेग वाढत गेला, सगळे श्वास रोखून बघत होते. ती टिकली. अगदी शेवटी, मागच्या कोपऱ्यातली दोन कौलं निसटली, बस्स.

"बघितलं?" मिस्त्री म्हणाले. "माझं एक नाही गेलं. तुमची बे गेली."

"दोनच गेली, मिस्त्री. आणि कोपऱ्यातली. दोन कौलांसाठी एवढा खर्च?"

"बेन, हा लोहाराचा पंखा आहे. आभाळाचा पंखा थकत नाय."

गर्दी हसली. पण ते बोलले ते खोटं नव्हतं. तेव्हा हे, ज्यांना वर्षभरापूर्वी वासा आणि आढं यांतला फरक माहीत नव्हता, खाली बसून माझ्या पेटीच्या कोपऱ्याला बोट लावून म्हणाले, "कौलं हिची, पण पट्ट्या तुमच्या घेतल्या तर? सगळीकडे नको. चार कोपऱ्यांना आणि आढ्याला. छप्पर भिंतीला बांधलेलं राहील, मग दोनचार कौलं गेली तर जाऊ देत. ती परत बसवता येतात."

मिस्त्रींनी ह्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. मग माझ्याकडे. "कारकून सायबांनी बरोबर काढलं," ते म्हणाले. लोहार लगेच म्हणाला, "पट्ट्या मी करतो. ह्या रविवारच्या वाऱ्याचे पैसे त्यात धरणार नाही."

तिथेच, रस्त्यात उभ्या उभ्या आमचं ठरलं. मिस्त्रींनी सांगितलं होतं त्याच्या पाव हिश्शापेक्षाही कमीत काम झालं. होळीच्या आधी ते पुरं झालं. मिस्त्रींनी किडके वासे तेवढे बदलले, आणि प्रत्येक पट्टीला स्वतः लोंबकळून, सगळा भार टाकून बघितला. फट बुजवल्यामुळे स्वयंपाकघरात धूर जास्त होऊ लागला. पूर्वेचं भोक मोठं करावं लागलं आणि तरीही दोन महिने माझे डोळे लाल असत, हेही सांगायला हवं.

वादळ आलं ते मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी. मुंबईला न्यायची माझी ट्रंक अर्धी भरून झाली होती. ह्या वेळी मी टेबलाखाली गेले नाही. आम्ही दोघं आतल्या खोलीत, मधल्या खांबाला धरून वर बघत उभे राहिलो. बाहेर काही दिसत नव्हतं, नुसता पिवळा अंधार. छप्पर ताणलं गेल्यासारखं कुरकुरायचं, थांबायचं, परत कुरकुरायचं.

"धरलंय!" हे ओरडले. "अगं, धरलंय त्याने!"

"अजून संपलं नाही!"

"पण धरलंय ना!"

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि वर काहीतरी खळ्ळकन फुटलं तेव्हाही आम्ही हसतच होतो. अर्ध्या तासाने वारा पडला. बाहेर येऊन मोजलं. मागच्या कोपऱ्यातली अकरा कौलं गेली होती. बाकी छप्पर जागच्या जागी.

आमच्या आळीत सहा घरांची छपरं उघडी पडली होती. समोरच्या घरातली बाळंतीण लेक, बारा दिवसांच्या बाळाला घेऊन आमच्याकडे आली. तिच्या मागोमाग तिची आई पाळणा घेऊन आली, मग शेजारचे म्हातारे आजोबा, मग कोणाकोणाची अंथरुणं. त्या रात्री आमच्या दोन खोल्यांत सतरा माणसं झोपली. मी एवढ्या माणसांसाठी खिचडी कधी टाकली नव्हती. खाली लागली, तरी कोणी एक शीत उरू दिलं नाही.

सकाळी अथालहून मिस्त्री आले. आधी आमच्या घराभोवती एक फेरी मारली, अकरा कौलांच्या जागेकडे बघितलं. मग समोरच्या उघड्या घराला शिडी लावून त्यांनी मला हाक मारली, "बेन, पदर खोचा अन् वर या. ह्यांना तुम्हीच सांगा, फट का बुजवायची ते. माझं ऐकत नाय."

त्या आधी मी कधी छपरावर चढले नव्हते. आढ्याला पाय टेकवून बसले तेव्हा खाली सगळी आळी माना वर करून उभी होती. दूर खेरडीकडे ऊन पडलं होतं. खालून त्या बाळंतिणीच्या वडिलांनी विचारलं, "सांगा बाई, आधी कुठून सुरू करायचं?"

"मागच्या बाजूने," मी वरून ओरडून सांगितलं, "आणि चुना आधी भिजत घाला!"