भिकीकाकीला दहापैकी नऊ

साहेबांनी उकडलेलं अंडं फोडलं, मीठ लावलं आणि मासिक उघडून ओव्हरसियरना वाचून दाखवायला लागले. मी चहाची किटली घेऊन दाराशी उभी होते. साहेब इंग्रजी वाचत आणि मधे थांबून मराठीत सांगत.

"मोखाड्याहून खोडाळ्याच्या रस्त्याला ओढा ओलांडला की उजवीकडे चढ आहे. चढावर लहानसा पाडा. पाड्यात एकाच घराच्या भिंतीवर पांढरी चित्रं आहेत. तिथली मोहाची दारू चुकवू नये."

किटली हातातून पडली नाही, एवढंच. ते घर माझ्या भिकीकाकीचं होतं. आणि वाचणारे साहेब दारूबंदीचे इन्स्पेक्टर होते.

मी मोखाड्याच्या रेस्ट हाऊसवर स्वयंपाकाला आहे. रेस्ट हाऊस म्हणजे टूरवर आलेल्या साहेब लोकांनी राहायचा सरकारी बंगला; तो ओव्हरसियरांच्या ताब्यात. टूर म्हणजे त्यांचं कामासाठी हिंडणं. रिझर्वेशनचा निरोप आला की मी कोंबडी, अंडी, तांदूळ बघून ठेवते. कागदावर माझा हुद्दा 'खानसामा' असा आहे. तो पुरुषाचा शब्द आहे, पण ऑफिसात बाईसाठी दुसरा नव्हता. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. मराठी बरी येते, पाड्यावरची बोली तर घरचीच. तरी साहेबांपुढे मान वर करून बोलायचं मला कधी जमलं नाही. वाढायचं आणि मागे सरायचं.

हे सगळं सुरू झालं त्याच्या आदल्या वर्षी, होळी झाल्यावर. तेव्हा डोक्यावर टोपी घातलेले मुंबईचे एक पाहुणे बंगल्यावर उतरले होते. पूर्वी ते जहाजावर नोकरीला होते. भूमध्य समुद्र नावाचा एक समुद्र आहे, त्याच्या काठाकाठाने ते खूप हिंडले होते. जीपच्या धुळकट बॉनेटवर बोटाने तो समुद्र काढून त्यांनी मला दाखवला. चारी बाजूंनी देश आणि मधे पाणी. प्रत्येक बंदरात उतरायचं, तिथली बिअर प्यायची आणि ती कशी आहे ते मासिकात लिहायचं, असा त्यांचा उद्योग. एका बेटावरची बिअर गोडसर. एका बंदरातली इतकी कडू की पहिल्या घोटाला डोळे मिटतात. एका गावची नुसती पाणी, पण तिथले लोक चांगले म्हणून एक मार्क जास्त. प्रत्येकीला दहापैकी मार्क द्यायचे. आम्ही त्यांना बिअरसाहेब म्हणायला लागलो.

समोर उभी राहून ऐकताना मला धक्काच बसला होता. पिणारी माणसं मी जन्मापासून बघत आले. पिऊन मार्क देणारा माणूस पहिल्यांदा बघितला.

त्यांना आता इकडची ताडी चाखायची होती. ओव्हरसियर म्हणाले, "काशी, तू जा बरोबर. त्या लोकांशी बोलायला कोणी पाहिजे."

"साहेब, दुपारचं जेवण?"

"पाहुणे बाहेर, तर जेवणार कोण? जा."

जीप जव्हारच्या गफूरचाचांची. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "मैं गाडी चलाऊंगा, बस. वास जरी कपड्याला लागला ना, घरवाली घरात घेणार नाही."

ताडी झाडावरच्या मडक्यात आपसूक आंबते. विकायला परवाना असतो. मोहाचं तसं नाही. मोहाची फुलं भिजवून आंबवतात, चुलीवर चढवतात आणि वाफ निववून थेंब थेंब धरतात. त्याला गाळणं म्हणतात. त्याला कायद्याने बंदी. म्हणून मी त्यांना ताडीच्याच ठिकाणी नेलं. ते ताडी उजेडात धरत, वास घेत, घोट तोंडात फिरवत आणि मग बोलत. "पाच." पुढच्या ठिकाणी, "सहा. सकाळी लवकर आलो असतो तर सात."

वाटेत ते म्हणाले, "तिकडे बरं असतं काशीबाई. पिण्याच्या प्रत्येक जागेच्या भिंतीवर चित्र असतं. मासा, बैल, बोकड. चित्र बघायचं आणि आत शिरायचं. चुकायला होत नाही."

मी हो म्हटलं. तिकडे असेल तसं.

आमच्या पाड्याखालून जाताना काकीनेच आम्हाला हाक मारली. तिच्या मुलाचं लग्न होतं. लग्नघरावरून माणूस कोरडा जाऊ द्यायचा नसतो, मग तो कोणी का असेना. काकीने त्यांना मांडवात बसवलं आणि पानाच्या द्रोणात मोहाची दिली. मी खुणेने नको म्हणत होते. काकी माझ्याकडे बघेल तर ना.

बिअरसाहेबांनी आधी देवाच्या नावाने चार थेंब जमिनीवर सोडले. तेवढं ते सकाळपासून शिकले होते. मग वास घेतला. मग डोळे मिटून बसून राहिले.

काकी मला म्हणाली, "हा पितो का औषध घेतो?"

"चव बघतात, काकी."

"एवढा वेळ? जेवायला बसला तं संध्याकाळ होईल."

साहेबांनी डोळे उघडले. दुसरा द्रोण मागितला. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मला शब्द दिला, की लेखात कोणाचं नाव घालणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. नाव कुठेच नव्हतं. फक्त रस्ता होता, ओढा होता, चढ होता आणि चित्रांचं घर होतं.

लेख छापून यायला पावसाळा गेला. मासिक कोणाकोणाच्या हातातून फिरत इन्स्पेक्टरांच्या वरच्या साहेबांकडे गेलं. इन्स्पेक्टर त्या सकाळी ओव्हरसियरना तेच सांगत होते. "मला विचारतात, मुंबईच्या वाचकांना माहीत आणि तुम्हाला माहीत नाही? आज कोणाला तरी घेऊन गेल्याशिवाय मला परत तोंड दाखवता येणार नाही."

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला त्यांची भाषा येते म्हणे. चला आमच्याबरोबर."

ओव्हरसियर म्हणाले, "न्या, न्या."

मी मागे जाऊन चूल विझवली. काकी विधवा, एकटी. मुलगा लग्नानंतर बायकोला घेऊन भिवंडीला यंत्रमागावर गेलेला. तिला नेलं तर तिची सोडवणूक करणार कोण? आणि मग चूल विझवता विझवता मला आठवलं. काकीच्या भिंतीवर आता चित्रं नाहीत.

चित्रं म्हणजे चौक. आमच्यात लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आम्ही काढला म्हणत नाही, लिहिला म्हणतो. मधे चौकोनात देवी, भोवती झाडं, माणसं, वाजंत्री. ज्या घरी लग्न, त्याच घरी चौक. पावसात तो उतरतो आणि पुढे भिंती सारवल्या की उरला तोही जातो. बिअरसाहेबांना ती दुकानाची पाटी वाटली. मासा, बैल, बोकड, तसा चौक. काकीची भिंत दिवाळीच्या आधी मीच सारवायला गेले होते.

मला हसू आलं. साहेब सगळा पाडा फिरतील, कोरी भिंत बघतील आणि परत येतील. मी पदर खोचला आणि बाहेर आले.

जीप गफूरचाचांचीच होती, मागे शिपाई बसले होते. मला बघून ते म्हणाले, "क्यूं काशी, भाचीच्या लग्नाला आजच निघालीस? तेही सरकारी माणसं घेऊन?"

माझा पाय जीपच्या पायरीवरच राहिला.

जिवली माझ्या दादाची मुलगी. तिच्याच लग्नासाठी मला दुसऱ्या दिवसापासून रजा होती. सकाळपासून डोक्यात फक्त काकी होती. ज्या घरी लग्न, त्या घरी चौक. आज चौक लिहायचा दिवस होता, आणि तो माझ्या दादाच्या भिंतीवर.

"बसा बाई," इन्स्पेक्टर म्हणाले.

वाटेत मी एकदा धीर केला. "साहेब, चित्रं कुठंही असतात."

"मासिकात लिहिलंय, एकाच घरावर."

ते खोटं नव्हतं. एवढ्याशा पाड्यात एका वेळी लग्न एकच.

चढावरूनच धवलेरीचं गाणं ऐकू आलं. धवलेरी म्हणजे आमचं लग्न लावणारी बाई. मांडवाला जांभळीचा ताजा पाला होता. भिंतीवर चौक अजून ओला होता. दोघी बायका बांबूची काडी पिठात बुडवून शेवटचं झाड पुरं करत होत्या. इन्स्पेक्टरांनी मासिक भिंतीशेजारी धरलं, भिंतीकडे बघितलं आणि शिपायांना म्हणाले, "हेच घर."

गाणं थांबलं. हळद लावलेली जिवली उंबऱ्याच्या आत तशीच उभी राहिली.

शोधायला वेळ लागला नाही. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कणगीमागे लग्नाची मडकी ओळीने मांडलेली होती. ती सगळी काकीने गाळून दिली होती. पाड्यात कोणाकडेही लग्न असलं की मोहाचं काम काकीकडे. शिपायांनी मडकी अंगणात आणली. त्याला मुद्देमाल म्हणतात. एका बाटलीत नमुना भरून तिला सील करायचं आणि बाकी साक्षीदारांसमोर ओतून टाकायचं, अशी त्यांची रीत.

"विचारा, ही कोणी गाळली?"

मी दादाला आमच्या बोलीत विचारलं. त्याने काकीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "सांग, मीच."

"दादा, पोरीचं लग्न आहे. तुला घेऊन जातील."

"सांग तू."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं मी साहेबांना फक्त वाढलं होतं. आता माझ्या तोंडून माझ्या भावाला बांधायचं होतं. मी जमिनीकडे बघत म्हणाले, "तो म्हणतो, मी गाळली."

इन्स्पेक्टरांचा चेहरा उजळला. खोटं बोलायला नको, ते वाईट माणूस नव्हते. काम झाल्याचं समाधान होतं. त्यांनी मासिक उघडलं. "यांना सांगा, यांच्या दारूची केवढी कीर्ती झालीय. लिहिलंय, भूमध्य समुद्राच्या काठी इतकं काही प्यालो, पण या हाताची सर कशालाच नाही. दहापैकी नऊ."

मी तेही सांगितलं. दादा मान खाली घालून उभा होता.

मग मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली काकी बोलली. "कोनाच्या हाताची?"

"काकी, गप्प बस," दादा म्हणाला.

"याच्या? याला ताक घुसळता येत नाय. याची गाळलेली बैलपन पिनार नाय." ती उठून पुढे आली. तिचे हात पिठाने माखलेले होते. चौकाला पीठ तिनेच वाटलं होतं. "सांग तुझ्या साहेबाला. भिकी म्हनावं माझं नाव. लिव म्हनावं. त्या टोपीवाल्याला मी पाजली, माझ्या मांडवात. दोन द्रोन प्याला तो."

"काकी, अगं पकडतील तुला."

"तू सांग."

मी सांगितलं. इन्स्पेक्टर गोंधळले. त्यांना एकच माणूस हवा होता आणि आता दोन झाले. ते स्वतःच काकीशी मराठीत बोलायला लागले. "बाई, हा गुन्हा आहे. कळतंय ना काय कबूल करताय?"

काकीला मराठी हवी तेवढी कळते. "गुन्ह्याचं तू बघ. नऊ म्हनाला ना तो? दहातलं?"

"हो."

"मंग एक कुठं गेला?"

इन्स्पेक्टरांनी शिपायांकडे बघितलं. शिपायांनी मडक्यांकडे बघितलं. साहेब खरंच मासिकात शोधायला लागले. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"लिहिलंय, शेवटी किंचित धुराची चव राहते."

काकी मान हलवून म्हणाली, "बरोबर हाय. ओलं सरपन होतं. लग्नघर ना, सुकं सगळं भाताला गेलं." आणि दादाकडे वळून, "हे तुला सांगता आलं असतं काय रे?"

इन्स्पेक्टरांनी दादाला बाजूला व्हायला सांगितलं. एवढं ऐकल्यावर दारू कोणाची, हा प्रश्न उरला नव्हता.

मडकी अंगणाच्या कडेला ओतली. सगळ्या चढावर मोहाचा वास सुटला. गफूरचाचा नाकाला रुमाल लावून जीपमध्ये बसून होते. काकीने हात धुतले, जिवलीच्या गालावरून फिरवले आणि धवलेरीला म्हणाली, "तू कशाला थांबलीस? म्हन पुढं." मग स्वतःच जाऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसली. ती जागा इन्स्पेक्टरांची होती. ते मागे बसले.

लग्न ताडीवर झालं. दादाने मुलीची पाठवणी स्वतः केली. काकीला ते बघायला मिळालं नाही. जव्हारला तिला कोठडीत ठेवलं, मग कोर्टात उभं केलं. दादाने जाऊन दंड भरला आणि तिला एसटीने घेऊन आला. मी स्टँडवर गेले होते. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तिथल्या हवालदारानंपन इचारलं, नऊ मिळाले ती बाई तूच का?"

त्यानंतर काकीने दोन गोष्टी केल्या. लग्न कोणाचंही असो, चौक लिहिलेल्या घरात मडकं ठेवायचं बंद केलं. आणि घरामागे सुक्या सरपणाची वेगळी मोळी रचली. तिला कोणी हात लावायचा नाही, भातालासुद्धा.

बंगल्यावर अजून हौशी पाहुणे येतात. जेवण झाल्यावर आरामात बसतात आणि विचारतात, "काय हो काशीबाई, तुमच्याकडे प्यायला खास असं काय मिळतं?"

मी मान खालीच ठेवते आणि सांगते, "चहा."