हात उचलल्यानंतर

श्रीपत मेश्राम भंडारा जिल्ह्यातून लखनौला आले, ते रेल्वेच्या संशोधन संस्थेत तंत्रज्ञ म्हणून. मानक नगरच्या क्वार्टरमध्येच त्यांची दोन्ही मुलं वाढली. थोरली भावना शांत. धाकटा सुगत मात्र मनात आलं की हात उगारायचा. शाळेत कुणाचं नाक फोड, शेजारच्या मुलाला जिन्यावरून ढकल, असं काहीतरी चालूच. प्रत्येक वेळी श्रीपत हात जोडून जायचे आणि प्रकरण मिटवून यायचे. सुगत नंतर ढसाढसा रडायचा. मोठा झाला की निवळेल, असं ते बायकोला, शैलाला, सांगत राहिले.

सुगत तिशीला आला. दोन नोकऱ्या भांडणापायी गेल्या, जमलेलं लग्न मोडलं.

गेल्या होळीनंतर अलीगंजच्या बाजारात एका ई-रिक्षाचा त्याच्या स्कूटरला धक्का लागला. आरसा तुटला, एवढंच. रिक्षावाला रामसजीवन म्हातारा माणूस; भैया, जरा बघून चालवा, असं म्हणाला. सुगतनं हातातलं हेल्मेट त्याच्या डोक्यात हाणलं. म्हातारा दुभाजकावर आपटला. मग सुगतनंच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. म्हातारा गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सुगत तिथेच भिंतीशी बसला. पोलीस येईपर्यंत हलला नाही.

वकिलांनी मार्ग सुचवला. मुलाचा स्वतःवर ताबा लहानपणापासूनच कमी आहे, असं डॉक्टरांकडून लिहून आणायचं. शिक्षा कदाचित कमी होईल. शैलाला तेवढ्यानंही धीर आला. भावना त्या दिवशी लखनौतल्याच वृंदावन योजना या वसाहतीतल्या तिच्या घरून आली होती.

"बाबा, ताबा येणार कुठून?" ती म्हणाली. "त्याला थांबायची वेळच तुम्ही कधी येऊ दिली नाही. मला मात्र थांबायला लावलंत."

गावात श्रीपतच्या वडिलांनी जन्मभर आणि त्यांनी स्वतः तिथे असेपर्यंत अपमान गिळले होते. आपल्या पोराला कुणापुढे काही गिळावं लागू नये, हे त्यांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. त्यात आपलं काही चुकेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

ते रामसजीवनच्या घरी गेले. त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं त्यांना पाणी दिलं. पण ते हात जोडू लागले तशी ती उठून आत गेली आणि परत बाहेर आली नाही.

पुढच्या भेटीला सुगत तुरुंगाच्या जाळीपलीकडे आला, तेव्हा त्याच्या बोटांना पट्टी होती. नळावर कुणीतरी मध्ये घुसलं, म्हणून त्यानं त्याचे दात पाडले होते. आता जामीन अवघड आहे, असं वकिलांनी सांगितलं होतं.

जे इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते श्रीपतनी विचारलं. "हात उचलताना तुला वाटतं तरी काय रे?"

सुगत पट्टीकडे बघत राहिला. "उस वक़्त कुछ नहीं लगता, पापा. जो लगता है, बाद में लगता है."

बाहेर शैला वाट पाहत होती. पोरगा काय म्हणाला, असं तिनं दोनदा विचारलं. जेवतोय म्हणाला, असं श्रीपतनी सांगितलं.

जामीन नाकारला गेला. त्यानंतर सुगत कधी सुटेल, हे शैलानं विचारणं सोडून दिलं.